हेटीची अंडी

हॅलो?

कोण, मर्टल? अगं, बरं झालं तूच केलास. सकाळी तुझ्या घरी फोन लावला, तर सून म्हणाली, तू चर्चमध्ये फुलं लावायला गेलीयस…

हो, हो, ईनिडच बोलतेय. तुझ्या बहिणीच्या, हेटीच्या गल्लीतली ईनिड. दुसरी कोण असणार.

नाही गं, मी बरी आहे. गुडघा सोडला तर. बाहेर बर्फाचा नुसता आरसा झालाय, पाऊल टाकायची सोय नाही… ते राहू दे. मर्टल, हेटीचा आवाज तू शेवटचा कधी ऐकलास?

साधाच प्रश्न आहे. तिच्या नवऱ्याचा, विल्फचा नव्हे; हेटीचा.

छातीत कफ. हो, आम्हालाही तेच सांगतो. आणि तिला बोलवा म्हटलं की?

'आत्ताच डोळा लागलाय तिचा.' अगदी हेच शब्द ना? मलाही हेच. सकाळी अकराला डोळा लागलेला, चहाच्या वेळी डोळा लागलेला. एवढं झोपायला ती काय अस्वल आहे?

अगं ऐक ना… हसू नकोस. पाद्रीबाबांच्या हंसाची गोष्ट वेगळी. तो चर्चचा ऑर्गन वाजवतो असं गावभर सांगितलं मी, पण ऑर्गनवर बसायचा हे तर खरं होतं. आज मी तिखटमीठ लावत नाहीये.

कशावरून? पुस्तकांवरून कळलं.

लायब्ररीतल्या, हो. ती लीड्सहून आलेली विद्यापीठातली मुलगी आहे ना, इमोजेन. साधी माणसं पुस्तकं कशी वाचायची, त्याचे पुरावे गोळा करते. लॉर्डबिर्ड नव्हेत, तुमच्याआमच्यासारखी. पानांवरचे चहाचे डाग, खुणेला घातलेली बसची तिकिटं. एकात तर बेकनची पट्टी निघाली…

अख्खी. तळलेली. तिने ती पाकिटात घालून ठेवली, सोन्याची असावी तशी.

आणि खुणा. आपल्या बायकांच्या खुणा गं. वाचलेलीच प्रेमकथा परत घरी येऊ नये म्हणून पेन्सिलीने करतो त्या…

तूही? तुझी काय?… छत्री. तुमच्या ब्रिडलिंग्टनच्या पावसाला शोभते हो.

माझी किटली. सातव्या पानावर, आकड्याला खेटून. आणि हेटीचं अंडं.

अंडं, अंडं. कोंबड्यांतच वाढलात ना तुम्ही दोघी. पण तिचं पान ठरलेलं नाही. नायक पहिल्यांदा मुका घेतो ना, बरोबर त्या ओळीखाली ती अंडं घालते. कधी चाळिसाव्या पानावर, कधी पार शेवटाला. तेही भुवया रेखायच्या पेन्सिलीने…

तुला कशी सांगेल? लाजते ती. मलाही शेरीचा दुसरा ग्लास पोटात गेल्यावर सांगितलं. अंडं सगळ्यांना दिसतं, पण त्या ओळीचं गुपित तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही.

येतेय, मुद्द्यावरच येतेय. ती पडून आहे म्हणून दर आठवड्याला विल्फच तिची पुस्तकं नेतो-आणतो. त्याने परत केलेली पुस्तकं इमोजेन चाळत होती. मला म्हणाली, 'ईनिड, तुमच्या अंडीवाल्या बाई वाचत नाहीत का हल्ली?' पानगळीपासून एकातही अंडं नाही, मर्टल.

मलाही तसंच वाटलं. ताप असेल, अक्षरं दिसत नसतील. म्हणून काउंटरवर विल्फला थट्टेत म्हटलं, 'काय हो, तुमच्या कोंबडीने अंडी घालणं सोडलं की काय?' त्याला काही कळेना. मग मीच बसले सांगत. ही खूण हिची, ती खूण तिची, माझी किटली सातव्या पानावर… जिभेला हाड नाही माझ्या, तुला ठाऊकच आहे.

हसला की. कान लाल झाले त्याचे, पण हसला.

आणि पुढच्या आठवड्यापासून अंडी सुरू.

नाही, मर्टल. बरी नाही झाली ती. पुरतं ऐक. प्रत्येक पुस्तकात अंडं सातव्याच पानावर. माझं पान सातवं, म्हणजे सगळ्या बायकांचं सातवंच असणार, असं धरून चालला तो. काल आलेल्या पुस्तकात सातव्या पानावर नायिकेच्या बापाला पुरतायत. पाऊस पडतोय, सगळे काळ्या कपड्यांत. तिथे मुका कोण कुणाचा घेणार?

आणि पेन्सिल भुवयांची नव्हे, सुताराची. जाड, चपटी.



मग तूच सांग, वाचत कोण होतं इतके दिवस.

सांगितलं गं सार्जंटला. त्याने हंसाची चौकशी केली आणि टोपी घालून चालता झाला. माझ्यावर कोण विश्वास ठेवतं? म्हणून तुला शोधत होते. तू सख्खी बहीण. तू पोलिसांत फोन केलास तर ते जिना चढून तिच्या खोलीचं दार तरी उघडतील. आजच कर. आणि विल्फच्या कानावर यातलं एक अक्षर—

काय?

कधी?… मला करायच्या आधी त्याला फोन केलास? आत्ता?

काय सांगितलंस त्याला? तसंच्या तसं सांग.

'ईनिडला हेटीच्या पुस्तकांबद्दल काहीतरी बोलायचंय.' माझं नाव घेऊन.

नाही, नाही, रडू नकोस. मीच तुझ्या सुनेला तसा निरोप दिला होता. तुला काय ठाऊक. तो काय म्हणाला?

फोन ठेवून दिला. बरं.

थांब जरा. दारातली पत्रं टाकायची फट वाजली… पुस्तक पडलंय चटईवर.

त्यानेच टाकलं असणार. परवा म्हणाला, 'तुमचा गुडघा असा, बाहेर बर्फ असा. तुमचीही पुस्तकं मीच आणत जाईन.' आणि मी हो म्हटलं. वर केकचा तुकडा दिला.

पुरते गं फोनची दोरी चटईपर्यंत. हं… घेतलं. नवंकोरं दिसतंय. बांधणी करकरतेय, कुणी उघडलेलंसुद्धा नाही. थांब, चष्मा…

मर्टल. सातव्या पानावर किटली आहे.

माझी. चोच डावीकडे, झाकणावर ठिपका. चपट्या पेन्सिलीने काढलेली. आणि मी हे पुस्तक आज पहिल्यांदा बघतेय.

कसं कळत नाही तुला? आता माझीही पुस्तकं तोच नेणार, तोच आणणार. प्रत्येकात किटली असणार. मग लोक म्हणतील, ईनिड घरात बसून वाचतेय की.

ऐक, तू फोन ठेव आणि पोलिसांना… नाही, ठेवू नकोस. बोलत राहा.

दाराच्या काचेत सावली नाही त्याची. गेला बहुतेक.

मागचं? आमच्या गल्लीत मागचं दार कोण लावतं, मर्टल…

या, विल्फ. पाय पुसून या.

मिळालं, मिळालं. चांगलं दिसतंय… हो, वाचेन ना.

मर्टल आहे. हवापाण्याचं चाललंय आमचं…

नको. मला नाही आडवं व्हायचं. मी इथे बरी आहे.

मर्टल, तो फोन मागतोय. तो आता तुला काय सांगेल ते तुला ठाऊक आहे. माझा डोळा लागलेला नाही. ऐकतेयस? मी टक्क जागी आहे, मर्टल, टक्क जा—