धनसिंग मिस्त्रींची सळई

आजच्या निरोपाच्या सभेचे अध्यक्ष डोंगरकड्याचे सटवाजीराव पाटील, आपल्या जिनिंगचे मॅनेजर रूपसिंगजी, सत्कारमूर्ती धनसिंग मिस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या मंडळी मोतीबाई, आणि सरकी झटकून आलेल्या माझ्या सगळ्या बंधुभगिनींनो,

मी मसाजी, इंजिनखोलीतला खलाशी, म्हणजे मिस्त्रींच्या हाताखालचा गडी. चार बुकं शिकलो, पाचवं अर्ध्यावर टाकून गाव सोडलं. त्यामुळं बोलण्यात शिस्त नाही. विषय सुटला तर कोणीतरी खाकरावं, मी परत येईन.

मिस्त्रींचे गुण किती सांगावेत? तेल-इंजिनाचा नुसता ठोका ऐकून ते कोणता बोल्ट ढिला ते सांगतात. शाल त्यांना शोभते आहे. असाच रंग मी गोरेगावच्या बाजारात एका बैलाच्या झुलीवर पाहिला होता. काय बैल होता तो! वशिंड असं, की... बरं, खाकरलात. आलो परत.

गेल्या भादव्यात आपल्याकडे डायनामो आला. दिवे लागले, विहिरीवर पाण्याची मोटर बसली. मोटरीच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत निघून जावी, म्हणून तारेनं जोडलेली एक लांब सळई भुईत ठोकतात. लढाईमुळं तांब्याचा पत्रा मिळेना. मिस्त्रींनी लोखंडी सळई घेतली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलं. माती लोण्यासारखी होती. घण मी मारून राहिलो होतो आणि मला वाटलं, एवढं सोपं काम आणि याला मिस्त्री कशाला लागतो? तोंडानं बोललोही. ते म्हणाले, "मसाजी, वीज म्हणजे पाहुणा न्हाई. तिला बसायला पाट देऊ नको, जायला वाट दे."

मग होळी झाली. आता सांगा, काळ्या रानाचं उन्हाळ्यात काय होतं हे या सभेत कोणाला सांगावं लागेल? भेगेत वासराचा पाय जातो. तीच माती सळईलाही सोडून बाजूला सरकते. सळई उभी राहते, पण भुईला टेकत नाही. हे मिस्त्रींना ठाऊक होतं. त्यांनी मला बजावलं होतं, रोज सकाळी दोन घागरी पाणी ओतायचं आणि भेग दिसली की बारीक माती कालवून ठासायची. मी शेतकऱ्याचं पोरगं. माझ्या बापानं भेगा मोजत जन्म काढला. मला हे सांगायची तरी गरज होती का?

मी सहा दिवस पाणी ओतलं. सातव्या दिवशी सोल, म्हणजे जाड दोर, आणायला गोरेगावच्या बाजारी गेलो. तिथं सोनाजी मेंढपाळ भेटला. मेंढरांची लोकर कातरणं चाललं होतं. म्हटलं, घटकाभर पाहू. त्याच्याबरोबर पुढच्या मुक्कामाला गेलो, तिथून पुढच्या. माझे पाय असेच आहेत, एका जागी ठेवले की आतून खाजतात. परतलो तेव्हा अकरा दिवस झाले होते, आणि आदल्या सकाळी आपल्या जिनिंगातल्या अनुसयाबाई मोटरीजवळच्या लोखंडी नळाला घागर लावायला गेल्या होत्या. भुईत वाट न मिळालेली वीज नळात उतरली होती, तिनं त्यांचा हात धरला.

अनुसयाबाई तिथं खांबापाशी बसल्या आहेत. घागर फुटली, माणूस वाचलं, देवाची कृपा. पण त्यांच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही. भाकर डाव्या हातानं थापतात.

रूपसिंगजींनी लिंबाखाली सगळ्यांना बोलावून विचारलं, हे काहून झालं? मी तोंड उघडणार, इतक्यात मिस्त्री पुढं झाले. "जागा मी निवडली, सळई मी बसवली. दोष माझा." एवढंच बोलले. माझ्याकडं पाहिलंही नाही.

दुपारी मी त्यांना गाठलं. म्हटलं, तुमी असं काहून केलं? ते हत्यारं पुसून राहिले होते. म्हणाले, "तू अकरा दिवस नव्हतास. पण मी तर इथंच होतो ना? मी एकदा तरी वाकून सळई हलवून पाहिली का?" आणि मग, "तुला पोलिसांत देतील तर सोडवायला कोण येईल? मला मोतीबाई तरी आहे." मोतीबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "मला विचारलं व्हतं का?" त्यावर ते दोघं हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे.

अध्यक्षमहाराज, नारळ दिल्यावर आपण मिस्त्रींना काम सुटल्याचा दाखला देणार आहात. त्यात काय लिहिलं आहे ते सगळ्या जिनिंगला माहीत आहे. 'सळई बसवण्यात हलगर्जी.' हा कागद दाखवला तर परभणी काय, नांदेड काय, कोणता गिरणीवाला त्यांना फाटकातून आत घेईल? बावीस वर्षांच्या कामाची ही एक ओळ? सळई बराबर बसली होती. तिला पाणी घालणारा पळाला होता. माझी हात जोडून विनंती आहे, तो कागद आत्ता, या सभेसमोर फाडावा आणि दुसरा लिहावा. हलगर्जीच्या पुढं नाव हवंच असेल तर मसाजी मुंजाजी लिहावं. मी खाली अंगठा नाही, सही करीन. तेवढं लिहिता येतं.

मिस्त्री मला खाली बस म्हणून खुणावून राहिले आहेत. त्यांचं मी ऐकायचं तेव्हा ऐकलं नाही, आज ऐकलं नाही तर बिघडणार नाही.

मला उभं राहू दिलंत, मधे कोणी उठून गेलं नाही, याबद्दल सभेचे आभार. बोलण्यात पुढचं मागं झालं असेल ते पोटात घाला. अनुसयाबाई, तुमच्याकडं मात्र मी माफी मागतो, ती द्यायची की नाही हे तुमचं तुमी ठरवा. काही बोलायचं असेल तर मी दाराकडं जात नाही. इथं, तुमच्या खांबाशेजारी बसतो.