शकूआजीची खरी तारीख

कल्पिता : आजी, आजोबा, आधारवर तुमच्या दोघांची एक जून? आख्खं बाळकुम एकाच दिवशी जन्मलं काय?

भिवा : मास्तर लिवाचा. पोर शालंत आला का ठोक एक जून. हिला तं शालाच नाय, हिची मीच लिवली. माझ्यापेक्षा दोन वर्सानी लहान.

शकू : नि पन्नास वर्सं तेच आयकवलाव! रिमोट कोनाकडं? मोठ्याकडं. माशाचा डोका कोनाला? मोठ्याला.

कल्पिता : थांबा, खरा दिवस काढू. नेटवर जुने पेपर, जुनी पंचांगं, सगळं फ्री आहे. आजोबा, तुम्ही कधीचे?

भिवा : चंपाषष्ठीचा! आय सांगाची, भर दुपारी सूर्याला ग्रहान लागला, तो पालला नि आठवड्यात तू आलास.

कल्पिता : म्हणजे ग्रहण चंपाषष्ठीच्या जस्ट आधी... एक मिनिट... येस्स! चौदा डिसेंबर पंचावन्न! हा बघा त्या दिवसाचा पेपर.

भिवा : ह्योच! माझा ग्रहान! छाप त्याला, फ्रेम करू!

कल्पिता : आता आजी. अगं, तू कधीची?

शकू : माझा राहू दे गो.

कल्पिता : असं काय? आयुष्यात एक वाढदिवस नको तुला?

शकू : हवा ना! पन आयेनं शपथ घातलेली. मी ग्रहानात आलेली. थंडीचे दिवस, भर दुपार. माहेरच्या, कोपरीच्या बाया बोलाच्या, असली पोर सासर गिलते. मंग आयेनं माझा दिवसच गिलला.

भिवा : थांब, थांब. थंडी? भर दुपार?

कल्पिता : आजोबा, पुढच्या-मागच्या दोन वर्षांत ठाण्यात दिसलेलं, थंडीतलं, हे एकच आहे. सेम ग्रहण!

शकू : म्हंजे?

कल्पिता : म्हणजे तू मोठी! आठवड्याने का होईना, मोठी!

शकू : अगो बाय! भिवा, आन तो रिमोट!

भिवा : नेट खोटा बोलतंय!

शकू : तुझा जल्म सांगितला तवा खरा होता तो?

कल्पिता : आजी! चक्क नाव घेतलंस?

शकू : लहान मानसाचा घेतात.

(तिघंही हसून हसून दमतात.)

भिवा : शके... मलाबी नाय सांगितलास? एवढी वर्सं?

शकू : तुमच्या आयेनं लगीन मोरला असता. नि मंग भीती बसली ती बसलीच.

भिवा : मी नसता मोरू दिला.

शकू : आता बोलाला काय जाते!

भिवा : कल्पे, हिच्या केकवर नाव कसाबी लिव. तारीख मातुर मोठी लिवाला सांग.