पाचवं कडवं

दातांच्या डॉक्टरांकडे, मागच्या दाराशी काळ्यांसाठी ठेवलेल्या बाकावर व्हर्नेल गाल धरून बसली होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायकांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“शिकागोहून कुणी गोरा आला होता म्हणे तुझ्याकडे?”

“आला होता. माझ्या नवऱ्याच्या गाण्याची तबकडी घेऊन. पस्तीस वर्षांनी ऐकली, बाई.”

“एल्झीचा आवाज तोच?”

“तोच. पण गाणं मधेच तुटतं. गोरा विचारतो, असं का?”

“का गं?”

“अगं, शनिवारी कापसाच्या जिनिंगच्या मागे नाच व्हायचा, तेव्हा हा गाणं कधी संपवायचा? नाचणारे दमले की संपलं. तबकडी भरताना मात्र तीन मिनिटांनी तांबडा दिवा लागला की थांबायचं. याने आपली सवयीने लांबण लावली.”

“मग बिघडलं काय?”

“पहिली चार कडवी आधीच्या बायकोची. पर्ली गेली, पर्ली गेली. माझं नाव पाचव्यात, ते भरायचंच राहिलं.”

“अगं बाई. गोऱ्याला सांगितलंस की नाही?”

“सांगितलं. म्हणाला, गाणं असं तुटतं हेच त्याचं मोठेपण. मग पर्लीला कुठे पुरलंय तेवढं विचारून गेला.”

दार उघडलं. नर्सने हाक मारली, “लुटिशा.”

“ऊठ की, तुझा नंबर आला.”

“थांब जरा. अजून एकदा हाक मारू दे.”