चौथी भिंत

गोरेगावच्या स्टँडवर सेनगावची जीप भरायची वाट बघत थांबली होती. मागच्या बाकावर दोघी जणी बोलत होत्या.

“शालूकाकू, घर झालं का तुमचं?”

“कशाचं होतंय, मिना! तुझे काका घर बांधायच्या शिबिरातून शिकून आले, अन् दारूच्या रिकाम्या बाटल्या चिखलात बसवून भिंती घालून राहिले. तीन झाल्या.”

“मंग चौथी काहून अडली?”

“नरसीच्या देवळात जाऊन तुळशीची माळ घातली ना त्यांनी! पेणं बंद झालं. आता बाटल्या कुठून आणाव्या?”

“दारू सुटली, चांगलंच झालं की.”

“काय चांगलं? उघड्या बाजूनं कुत्री घरात येऊन राहिली. मी म्हणलं, भिंत होईस्तोवर माळ काढून ठेवा. तर म्हणे, पाप लागंल.”

“मंग वो?”

“मंग गावात सांगत फिरले, माझं घर अडलंय, ज्यानं त्यानं हातभार लावा.”

“लावला का कोणी?”

“रोज सकाळी दारात पोतं भरलेलं असतंय.”

“थांबा काकू. आमचे परवा झिंगत आले अन् म्हणे, पुण्याचं काम करून आलो.”

“खोटं न्हाई बोलले, मिना. एकट्या त्यांच्या बाटल्यांनी भिंत खिडकीपर्यंत आली.”