वीसही बाटल्या लाल

...चूक आमचीच, तुम्हाला सांगतो, शंभर टक्के आमचीच. खाणवाल्यांची नाही, सरकारची तर नाहीच नाही, सरकार कधी चुकतं का? आम्ही पडलो पाहुणचारवाले, दुसरं काय!

मी गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष, म्हणजे नळ तुंबला की शिव्या मला. त्यात माझ्या धाकटीच्या, येनीच्या, रक्तात शिसं निघालं. खाण वर, आम्ही खाली, शिसं काय टपालाने आलं? पण कचेरीतले साहेब पोटावरून हात फिरवत म्हणतात, ‘पाण्यात शिसं दाखवा, पलीकडच्या झऱ्यावरून पाइप देतो.’ बरं, दाखवतो. विद्यापीठातून इंजिनिअर बाई आल्या, रोसमेरी, पोरगी गुणाची, हातात लालचुटूक औषधाची कुपी. ‘इलारिओकाका, यात सोन्याचे कण आहेत, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. पाण्यात शिसं असलं की हे एकमेकांना चिकटतात, लालाचं निळं होतं.’ घ्या! सोन्यासाठी डोंगर पोखरला, त्यातून शिसं आलं, आणि ते शोधायला पुन्हा सोनंच!

वीस घरांना वीस रिकाम्या बाटल्या देऊन ‘पाणी भरून ठेवा’ म्हणाल्या आणि नदीकडे गेल्या. आता आमची बायको, सातुर्निना... पाहुणीसाठी कुय, म्हणजे घरचा पाळलेला गिनीपिग, भाजलेला, बटाटे उकडलेले, आणि पाणी नळाचं द्यायचं? ‘लाज नाही वाटत?’ मलाच विचारते. येनीसाठी विकत आणलेलं पाणी तिने बाटलीत ओतलं, तिचं बघून सगळ्या शेजारणींनीही दुकानातून पाणी आणून तेच केलं, वर बाटल्या पुसून ठेवल्या. आम्ही पडलो पाहुणचारवाले...

वीसही लाल. कचेरीचा शिक्का पडला, पाणी उत्तम.

मी बाईंच्या हातापाया पडलो, त्या बिचाऱ्या परत आल्या, स्वतः नळाखाली बाटल्या धरल्या. पहिली निळी, दुसरी निळी, विसावी निळी... मला तर रडूच आलं हो. साहेब काय म्हणाले असतील? ‘एकदा लाल, एकदा निळं? मग औषधच बिघडलंय. शिक्क्याचा कागद कसा बिघडेल?’

बाईंनी हट्टच धरला म्हणून शेवटी साहेब पाहणीला आले, चढण चढून घामाघूम. आम्ही पडलो पाहुणचारवाले, मी नळाचा ग्लास भरून पुढे केला. साहेबांनी तो उजेडात धरला, वास घेतला, आणि हळूच खाली ठेवला.

‘नको, तहान नाही.’

पाइप काही आला नाही. आता येनीला शिकवतोय, बाळा, शाळेत कोणी पाणी दिलं तर साहेबांसारखं म्हणायचं, तहान नाही.