टूलरूममधलं ते हळवं गाणं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील व्यवस्थापक साहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती फोरमनकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि समोर जमलेल्या कारखान्यातील माझ्या बंधुभगिनींनो,

काकांच्या शिस्तीबद्दल साहेब बोलले, हजेरीबद्दलही बोलले. माझ्या वाट्याला उरले काकांचे कान. दिवसभर प्रेस मशीनची धडधड ऐकलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत काय मागेल? शांतता. काकांनी टूलरूममध्ये स्पीकर बसवला आणि हेवी मेटल लावलं, म्हणजे प्रेसपेक्षा मोठ्यानं किंचाळणारी गिटारं. तिथे जेवायला बसण्याचा मान आम्हा पाचच जणांना होता.

आणि बाकीचं संगीत? काकांच्या मते ते नव्हतंच. गझल म्हणजे चालीवर म्हटलेला तक्रार अर्ज. इलेक्ट्रिशियननं एकदा जेवताना ती गुणगुणली, तर काका म्हणाले, "ग्राइंडरशेजारी जागा रिकामी आहे." बिचारा अजून तिथेच जेवतो. आम्हीही काही कमी नव्हतो. माझा मेहुणा बासरी वाजवतो, एवढ्यावरून मी त्याच्याशी वर्षभर धड बोललो नाही. आज त्या वागण्याची लाज वाटते. तेव्हा अभिमान वाटायचा.

त्या स्पीकरला आम्हा सगळ्यांचे फोन जोडलेले होते. दोन वर्षांपूर्वी भर जेवणात कोणाच्या तरी खिशात भलतंच बटण दाबलं गेलं. आमचा धुडगूस थांबला आणि एक बाई अगदी हळुवार गाऊ लागल्या. चांदणं, विरह, मागे व्हायोलिन, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. आमचे घास हातातच राहिले. काकांनी विचारलं, "कोणाचं आहे हे?"

स्पीकरच्या पट्टीवर फोनवाल्याचं नाव येतं. सगळ्यात जवळ मी होतो. मी ते वाचलं, स्पीकर बंद केला आणि हात वर केला. म्हटलं, "माझं."

वाटलं होतं, आठवडाभर बाहेर बसवतील. दोन वर्षं झाली, मी स्टोअरच्या खिडकीशी उभ्यानं जेवतोय. शिक्षा सुनावताना काकांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यातली भाजी रोज खिडकीवर येऊ लागली. विचारलं तर म्हणायचे, "जास्त झाली." दोन वर्षं रोज भाजी जास्त कशी होते, ते काकूच जाणोत.

मंडळी, मला लेथ चालवायला काकांनी शिकवलं. माझ्या हातून बिघडलेलं पहिलं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मग मी एक हात वर केला, तर काय मोठंसं? पण खरं सांगतो, त्या खोलीबाहेर काढल्याचं फार वाईट वाटलं. माझी माणसं होती ती. सोमवारपासून काका नसतील. त्याआधी त्यांच्याच तोंडून मला माझी जागा परत हवी आहे, आणि इलेक्ट्रिशियनलाही. ते गाणं माझं नव्हतं. कोणाचं होतं, हे मी सांगणार नाही.

काका, हात का वर केलाय? पाणी हवंय? बसूनच बोला, मी माईकवर सांगतो. काका म्हणतायत, "माझं होतं. हिला आवडतं म्हणून फोनमध्ये ठेवलेलं." काकू मान हलवतायत, काका. नाही म्हणतायत. काका म्हणतायत, "बरं, मलाच आवडतं. सोमवारपासून दोघंही आत बसा."

अध्यक्ष महोदय, आपण मला पाच मिनिटं दिलीत, मी दोन वर्षं बोलून घेतली, त्याबद्दल आपला आणि सभागृहाचा ऋणी आहे. काकांची चूक मी पदरात घेतली होती. माझी तेवढी आपण घ्यावी.