खालच्या शाळेचा जवाब

नम्रता : ...'सवाल टाकलाय गड्यांनो, जवाब द्या!' अशी हाक असायची भागोजी आबांची. गणपतीत जाखडी रंगात आली, की आबा रिंगणाच्या मधे उभे राहून सवाल टाकायचे, आणि तो आवाज सबंध वाडीवरून फिरून परत यायचा. मी असेन सात-आठ वर्षांची. बाई, अजून कानात आहे हो! आणि माझा अख्खा प्रबंध त्या एका हाकेतनं निघालाय, हे विद्यापीठात सांगितलं तर हसतील मला.

हेमाबाई : हसू देत. भागोजी शाहीर मला माहीत नाही होय? पायात चाळ बांधलेले वीस गडी भोवती नाचताहेत, आणि मधे तो काटकुळा माणूस. पण तू आधी बस बघू. फाट्यापासून चालत आल्येस, घामानं निथळत्येस.

नम्रता : बसवत नाहीय! आधी ऐका. वरच्या वाडीतल्या शाळेचे आकडे पुरे झाले काल. जुलैत त्या पोरांना इंग्रजीत साधा प्रश्न विचारला, की पहिला शब्द फुटायला किती वेळ लागायचा? सरासरी अकरा सेकंद. अकरा सेकंद म्हणजे किती, ते गप्प राहून बघा एकदा. पोर खाली बघतं, कॉलर चावतं, शेजाऱ्याला चिमटा काढतं. आणि आता? तीन!

हेमाबाई : तीन?

नम्रता : तीन सेकंद, बाई! आणि नुसतं येस-नो नाही, स्वतःची वाक्यं. सात महिन्यांत! एकट्याला उभं केलं की ते पोर मेलंच. म्हणून कुणाला एकटं उभंच करायचं नाही. रिंगण धरायचं, पाय टाकायचा, मी इंग्रजीत सवाल टाकणार, सगळ्यांनी मिळून जवाब द्यायचा. मग चौघांनी. मग दोघांनी. एकट्याची पाळी कधी आली, हे त्याचं त्यालाही कळत नाही. पाय चुकला तर रिंगण थोडंच थांबतं? शब्द चुकला तरी थांबत नाही.

काशी : बाई, च्या घ्या. पोरांच्या खिचडीच्या चुलीवरच केलाय. गूळ घातलाय, साकर सपली. नमूबाय, तूपन घे गो. किती सुकलीस! रत्नांगिरीत खायला नाय घालत काय तुला?

नम्रता : खाते हो काशीवयनी. पण सोमवारी सादरीकरण आहे ना मुंबईला विद्यापीठात, घास उतरत नाही. माझे मार्गदर्शक, देवदत्त सर म्हणाले, वरच्या शाळेचं छानच झालं, पण त्यानं काही सिद्ध होत नाही. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार, की पोरं सात महिन्यांनी मोठी झाली, म्हणून बोलली कशावरून नाही? म्हणून तर ही खालची शाळा! तेवढीच पोरं, तीच इयत्ता, तेच पुस्तक. वर रिंगण, खाली नुसतं पुस्तक. वरची पोरं बोलली आणि खालची होती तिथंच राहिली, की माझा प्रबंध उभा राहिला. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

हेमाबाई : म्हणजे आमची पोरं गप्प राहिली, तर तुझं भलं.

नम्रता : असं नका ना म्हणू. जूनपासून तुमच्याकडेही रिंगण लावणार आहे, शब्द दिलाय मी. तोवर फक्त... तुमची सही आहे कागदावर. 'नेहमीच्या पुस्तकाखेरीज काहीही शिकवणार नाही.' ती पोरांच्या रेकॉर्डिंगची कार्डं कुठायत बाई? तीन महिने मागत्येय मी.

हेमाबाई : देत्ये गो. इथं ना रेंज, ना कुणी शहरात जाणारं. ही घे, दर महिन्याचं वेगळं आहे. पण आता ऐकत बसू नकोस. साडेपाचची एसटी चुकेल. घरी जाऊन निवांत ऐक.

नम्रता : एकच ऐकते. फेब्रुवारीचं, शेवटचं. हं. हा तुमचा आवाज. 'व्हेअर इज युवर फादर?' आता मोजा माझ्याबरोबर. एक... दोन... तीन... चा...

काशी : बोलली बघ! आमच्या दीपालीचा आवाज हा! काय बोलली गो ती?

नम्रता : 'फादर इज इन मुंबई. ही इज कमिंग शिमग्याला.' चार सेकंद. थांबा, चुकून एखादी हुशार मुलगी असेल. पुढचा. एक, दोन, तीन, चार. पुढची. एक, दोन, तीन... बाई, हे काय आहे?

हेमाबाई : बोलतात हो कधीकधी.

नम्रता : कधीकधी? भराभर पुढं सरकवतेय, अठराच्या अठरा पोरं बोलताहेत! हे भलतंच काहीतरी आहे! मोबाइल? नवीन कुणी मोबाइल घेतला का वाडीत? कार्टून बघतात का इंग्रजी? की गणपतीपुळ्याला सहल गेली, तिथे परदेशी पाहुणे भेटले? बाई, यातनं नवा विषय निघेल एखादा! आणि हा आवाज कसला? धप. धप-धप. प्रत्येक उत्तराच्या आधी येतोय. ऐका.

हेमाबाई : तो? तो... सुतार आला होता. बाकं ठोकायला.

काशी : सुतार? कंचा सुतार? सुतार तर दसऱ्यापास्नं फिरकला नाय हितं.

हेमाबाई : काशी!

काशी : मी काय बोल्ले? मी कायच नाय बोल्ले. मी आपली टोप घासायला जातंय.

नम्रता : वयनी, थांबा. हे पाय आहेत. बाकाखाली पाय आपटताहेत पोरं, डावा एकदा, उजवा दोनदा. आबांच्या जाखडीचा ठेका आहे हा. माझा ठेका! वरच्या शाळेतला! बाई, इकडे बघा. इथं रिंगण झालंय?

हेमाबाई : झालंय.

नम्रता : कधी? एखाद्या शनिवारी? गंमत म्हणून?

हेमाबाई : रोज. खिचडी झाली की मागच्या काजूखाली. अर्धा तास.

काशी : आनि ढोलकी नव्हती, म्हनून टोप मी वाजवलाय. आता बाईंना एकटीला नको बोलूस, मलापन बोल. चाल मी आनली वरच्या वाडीतनं, माज्या भावाच्या पोराकडनं. 'फादर'चा सवाल तेवढा आमचा, तुमच्या वरच्या पोरांत नाय तो. तिकडं बापूस घरात असतो निम्म्यांचा. आमचे सगळे मुंबईला.

नम्रता : सही केलीत ना हो बाई तुम्ही! माझ्यासमोर! मी सरांना सांगितलं, दुसरं कुणी असतं तर मला खात्री नसती, पण हेमाबाई आहेत, चौथीपर्यंत त्यांनी शिकवलंय मला, त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. परवा सोमवार आहे! काय दाखवू तिथे? दोन्हीकडे पोरं बोलली, म्हणजे रिंगणानं काहीच केलं नाही, असाच अर्थ काढतील ते.

हेमाबाई : आमची शाळा खोडून टाक. सांग, म्हातारीनं घोळ घातला. मे अखेर मी निवृत्त होत्ये, माझं काय जाणारेय?

नम्रता : खोडून काय टाकू? मग तुलना कशाशी करू, माझ्या कपाळाशी? तुम्ही नुसता एक कागद नाही मोडलात, बाई. माझी तीन वर्षं...

काशी : रडू नको गो बाय. च्या घे. निवला तो.

नम्रता : रडत नाहीय. घाम आहे. ...किती महिने चाललंय हे?

हेमाबाई : दिवाळीपासून.

नम्रता : जुलैपासून नाही?

हेमाबाई : नाही गो. दिवाळीपर्यंत मी अक्षरन् अक्षर पुस्तकातलंच शिकवलंय. देवाशप्पथ.

नम्रता : थांबा. थांबा थांबा थांबा. ऑक्टोबरचं कार्ड कुठलं? हे. मोजा वयनी, मोठ्यानं मोजा.

काशी : येक, दोन, तीन, च्यार, पाच, सा, सात... ह्या पोराला झोप लागली काय? आठ, नव, धा... आता बोल्ला!

नम्रता : दहा. आता डिसेंबर. मोजा.

काशी : येक, दोन, तीन, च्यार, पाच... बोल्ली!

नम्रता : दहा, मग पाच, मग चार! बाई! बाई, तुम्हाला कळतंय का काय झालंय ते?

हेमाबाई : मला फक्त एवढं कळतंय, की तू आत्ता रडत होतीस आणि आता माझा दंड पिरगळत्येस.

नम्रता : वरच्या शाळेत रिंगण गणपतीनंतर सुरू झालं. उडी कधी आली? गणपतीनंतर. तुमच्याकडे दिवाळीनंतर सुरू झालं. उडी? दिवाळीनंतर! वय वाढलं म्हणून पोरं बोलली असती, तर दोन्हीकडे एकदमच बोलली असती ना? पुस्तकामुळे म्हणावं, तर पुस्तक तेच. जिथं रिंगण आधी, तिथं बोलणं आधी. जिथं मागून, तिथं मागून. अहो, हे माझ्या मूळ आराखड्यापेक्षा पक्कं आहे! असं मुद्दामसुद्धा करतात संशोधनात, एका ठिकाणी आधी, दुसऱ्या ठिकाणी उशिरा. आणि मी शिकवलेली शाळा एक, माझ्या नकळत शिकलेली दुसरी! मी नसतानाही चाललं, टोपावर चाललं, वयनींच्या टोपावर!

काशी : म्हंजे माजा टोपपन मुंबईला जातोय काय विद्यापीठात?

नम्रता : जाणार! फोटो काढते त्याचा. सर नाचतील! नाही, आधी ओरडतील, मग नाचतील. पण बाई, सगळं खरं खरं लिहायचं. लपवून चालायचं नाही. तुम्ही कागद मोडलात, हे तुमच्या सहीनिशी द्यावं लागेल.

हेमाबाई : देत्ये. मोडला तर मोडला.

नम्रता : तारीख? नेमकी?

हेमाबाई : दिवाळीची सुट्टी संपली, त्याचा तिसरा दिवस. बुधवार. हजेरीत बघून तारीख घालते.

नम्रता : वा! आणि आता शेवटचं. का सुरू केलंत?

हेमाबाई : का म्हणजे? कणव आली पोरांची. वरची गातात, आमची बघत बसतात.

नम्रता : ती जुलैतच यायला हवी होती. तुम्हाला सगळं तेव्हाच सांगितलं होतं मी. मग चार महिने थांबून, दिवाळीनंतरच्या बुधवारीच कशी आली?

हेमाबाई : आली झालं. कणवेला काय पंचांग लागतं?

नम्रता : मी वकिली करत नाहीय, बाई. परीक्षक हेच विचारणार. त्या सुमारास पोरं आपणहूनच बोलायला लागली होती, तुम्हाला हुरूप आला, म्हणून तुम्ही रिंगण धरलंत, असं असेल, तर आधी बोलणं आणि मागून रिंगण. मग माझं सगळं उलटं होतं. म्हणून कारण हवं. खरं कारण. त्यावर सगळं उभं आहे.

हेमाबाई : पोरं बोलत नव्हती. ऐकलंस ना आत्ता, दहा सेकंद.

नम्रता : मग काय झालं त्या बुधवारी?

हेमाबाई : काशी, ते टोप राहिलेत ना घासायचे? ऊन उतरलं.

काशी : जातंय, जातंय. माज्या तोंडात तीळ भिजत नाय, हे ठाव हाय मला.

(काशी टोप उचलून विहिरीकडे जाते.)

नम्रता : बाई, नसेल सांगायचं तर...

हेमाबाई : सांगत्ये. लिहू नकोस आत्ता, नुसती ऐक. वरच्या शाळेतली ती चिमा माहित्येय ना, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला? दिवाळीत इथं आजोळी आली होती. सुट्टी संपल्यावरही तीन दिवस राहिली. त्या बुधवारी मधल्या सुट्टीत इथं पायरीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, 'टीचर, व्हॉट डू यू लाइक?' अगदी सहज. जशी विचारील, बाई, चहा घेतलात का.

नम्रता : मग?

हेमाबाई : उत्तर डोक्यात होतं. आय लाइक मँगोज, आय लाइक जॅस्मिन फ्लॉवर्स, पाठ आहेत सगळी, पिढ्यानपिढ्या पोरांकडून घोकून घेतलीयत मी. पण जीभ उचलेना. पोरगी वाट बघत्येय, आणि मी पदराचं टोक चावत्येय. शेवटी तिलाच माझी दया आली. हात धरला माझा आणि म्हणाली, 'बाई, पाय हलवा. मग येतं.'

नम्रता : हलवलात?

हेमाबाई : तिथं नाही. तिच्यापुढं नाही. पोरं जेवायला बसल्यावर काजूच्या मागे गेले, पदर खोचला आणि एकटीच फेर धरला. वेड्यासारखी. काशीनं बघितलं, हसली नाही, टोप उपडा करून बसली. मग हात धुऊन एकेक पोर आलं, आणि मला त्यांना घालवून देता येईना.

नम्रता : म्हणजे पोरांसाठी...

हेमाबाई : पोरं मागून आली गो. आधी मीच होत्ये.

नम्रता : बाई, पण तुम्ही तर आम्हाला इंग्रजी...

हेमाबाई : फळ्यावर लिहिलं. वाचून दाखवलं, तुझे ते कार्डावरचे प्रश्नसुद्धा. पाठ करून घेतलं. चौतीस वर्षं शिकवलं, नमू. त्या बुधवारपर्यंत बोलले नव्हते कधी.